रोज बिघडणारी मशीन

कपड्यांच्या कारखान्यात नवा मेकॅनिक आला, आणि पहिल्याच सकाळी माझ्या मशीनवर वाकला.

"बिघाड काहीच नाही," तो म्हणाला. "स्क्रू सैल झालाय. की... केलाय?"

मी छताकडे पाहिलं. आता काय सांगणार? शिवायला आम्ही सगळ्या बायका. जागेवरून उठलं की सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या. मशीन बंद पडली तरच उठायची मुभा, म्हणून बाथरूमला जायचं तर स्क्रू सैल करायचा. एरवी पाणीच प्यायचं नाही. कटिंगचे पुरुष मात्र सिगारेट ओढायला खुशाल बाहेर पडायचे.

"जुनी मशीन आहे," मी म्हटलं. "वेळ लागेल."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. "सावकाश या."

मग ती रोजच बिघडायला लागली.

"फार नाजूक तब्येत हिची," तो हसायचा.

"तुमचा हातगुण चांगला... लगेच बरी होते."

मला तो आवडायला लागला होता, उगाच खोटं कशाला बोलू?

माझी तब्येत मात्र बिघडली. लघवीला जळजळ, मग ताप. आई म्हणाली, "बायकांना हे असायचंच." दादाला शिंक आली तरी तीच त्याला दवाखान्यात पिटाळते. माझा खाडा मात्र घराला परवडत नाही.

"अंगात ताप आहे तुमच्या," मशीनपाशी येताच मेकॅनिक म्हणाला. "दवाखान्यात चला."

तेवढ्यात सुपरवायझर त्याच्यावर उखडला. "ही मशीन रोज बंद कशी पडते? जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"चुकलं माझं," तो खाली मान घालून म्हणाला.

मला ते सहन होईना. मी उठले. "मशीन ठणठणीत आहे. स्क्रू मीच सैल करते. मला लघवीला जायचं असतं."

सगळ्या मशीन थांबल्या. पुरुषांसमोर हा शब्द तिथे कुणी काढला नव्हता.

"मीपण करते," मागची काकू म्हणाली. मग आणखी दोघी उठल्या.

सुपरवायझरचे कान लाल झाले. "जा ना मग... कुणी अडवलंय?"

त्या दिवशी मेकॅनिकच मला दवाखान्यात घेऊन गेला. बरी होऊन कामावर आले, तर तो रिकाम्या हातांनी माझ्यापाशी उभा.

"आता मशीन बिघडणार नाही म्हणजे... मी यायचं कशाला?"

"घरी या. आईला सांगितलंय मी."

"काय सांगितलंय?"

"पुढच्या वेळी ताप आला तर मला दवाखान्यात नेणारं माणूस मी पसंत केलंय."