तोडलेली अंगाई

तोक्योतल्या ध्वनिप्रयोगशाळेत भरदुपारी यमुना ढवळे पडद्यावरचा आलेख पाहत होती.

आलेख मिनामीच्या नव्या गाण्याचा होता, शेवटाला मध्येच तुटलेला. मिनामी ही संगणकावर घडवलेली छायागायिका: हाडामांसाची नाही, कधी म्हातारी व्हायची नाही. लिमापासून लातूरपर्यंत पोरी तिच्यासारखे निळे केस रंगवून मिरवत होत्या. आता ती मराठीत गाणार होती. आवाज यमुनाचा, अंगाईही तिच्याच माणदेशातली.

"कुरोकावासान, माझी ओवी शेवटाला तोडलीत कशाला?"

निर्माता कुरोकावा हसला. "पूर्वी आमच्या खऱ्या गायिका चाहत्यांशी हात मिळवायच्या. एका तिकिटाला तीन सेकंद. चौथ्याला मागे उभा असलेला माणूस चाहत्याचे खांदे धरून त्याला बाजूला ओढायचा. लोक पुन्हा रांगेत उभे राहायचे ते हातासाठी नव्हे, यमुनासान. त्या ओढून काढण्यापायी."

"बरं, मग?"

"मग हा ओढमापक. ऐकणाऱ्याच्या मनगटावरच्या पट्टीतून नाडी वाचतो. ओढ शिगेला पोचली की मिनामी थांबते. गाणं पुरं झालं की मन भरतं, आणि भरलेलं मन परत येत नाही."

"आणि ज्यांना याची सवय जडेल, त्यांचं काय?"

"त्यांना पुरं गाणं अळणी लागतं. कुणाचंही." पावसापाण्याचं बोलावं तसं बोलून त्याने चहाचा घोट घेतला.

महिना झाला, यमुनाची चार वर्षांची लेक जुई तिच्या कुशीत झोपत नव्हती. परक्या मुलखाची हवा, म्हणून यमुना मनाची समजूत घालत आली होती.

"चाचणी कुणावर घेतलीत?"

"खाली, आपल्याच पाळणाघरात. करारात कलम आहे. तुमचीही सही आहे त्यावर."

यमुना धावत जिना उतरली. खेळणी टाकून सगळी पोरं भिंतीतल्या ध्वनिपेटीकडे तोंड करून बसली होती, दाण्याची वाट पाहणाऱ्या कोंबड्यांसारखी. जुईच्याही मनगटावर पट्टी होती.

"जुई, ये गं बाय."

"थांब ना! मिनामी येणारे."

यमुनाने पेटी बंद केली, पट्टी ओरबाडून काढली आणि खाली बसून गायला लागली:

"ऊन गेलं गं माळाला, सावली आली दारा,
माझ्या जुईच्या पाळण्याला झोका घालतो वारा."

"झालं?" जुई म्हणाली आणि मुक्या पेटीकडे वळली.

यमुनाने पुन्हा सूर धरला. पण 'झोका घालतो'पाशी आवाज अडकला.

जुई गर्रकन फिरली. धावत येऊन मांडीवर चढली, आईचे गाल दोन्ही तळव्यांत धरून हलवू लागली. "पुढे? आई, पुढे म्हण की गं!"

किती दिवसांनी तो कोवळा श्वास यमुनाच्या तोंडावर आला होता. एकच शब्द उरला होता. तो म्हटला की पोर उतरून जाणार.

कुरोकावासारखाच तो शब्द अडवून धरणाऱ्या स्वतःच्याच जिभेची यमुनाला किळस आली. तिने ओठ घट्ट मिटले आणि लेकीला छातीशी धरलं.