नर्मदाबाईची भाकरी

"आजपासून या भांडवलदाराच्या घरचं अन्न मला वर्ज्य हाय!" असं गर्जून रामकिशननं ताट दूर सारलं... अर्थात ताटात आता मिरचीच्या देठांशिवाय काही उरलं नव्हतं, आणि चार भाकरी त्या प्रतिज्ञेच्या अगोदरच मुक्कामी पोचल्या होत्या.

"चार भाकरी झाल्यावर आठवण झाली का रे तुला?" माणिकराव ओट्यावरून कडाडले. "माझ्या घरात आजवर कुणी दुसऱ्याच्या घामाचं खाल्लं न्हाई! एक दाणा न्हाई! जे हाय ते या हातांचं हाय!"

"मजुराच्या तोंडचा घास काढता तुमी, आन् त्याला हातांचं म्हनता? दादा, मला माझी वाटणी पाहिजे! माझ्या हिश्श्यात मी सगळ्यांची मिळून शेती करीन!"

"घे! दिवाळी पाडव्याच्या आत घे! पंच बोलवतो!"

वाटणी...! चुलीपुढं बसलेल्या नर्मदाबाईचा थापता हात परातीतच थबकला, आणि तिच्या अंतःकरणात असं काही गलबललं की तव्यावरची भाकरी करपली तरी तिला वास आला नाही. डोंगरकडा गावच्या या घरात ती बाराव्या वर्षी सून म्हणून आली तेव्हा सासरे नव्हते, दुसऱ्याच वर्षी सासूबाईही गेल्या, आणि तीन वर्षांचा हा दीर तिच्या पदराला धरून उभा राहिला. त्याचं नाक पुसतानासुद्धा ती "भावजी, शिंकरा" असंच म्हणायची. दिराचा मान म्हणजे मान! तिची स्वतःची कूस कधी उजवली नाही, पण त्याचं दुःख करायला या भावजीनं तिला एक दिवस सवड दिली नाही. आणि आता तोच वेगळी चूल मांडणार होता... त्याला भाकरीला पाणी किती लागतं हेसुद्धा ठाऊक नव्हतं!

वास्तविक दोघा भावांत वैर असं नव्हतंच. निजामाची सत्ता जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. रामकिशन सरहद्दीपलीकडच्या मुक्तिलढ्याच्या छावणीतून वाढलेली दाढी आणि एक पेटीभर पुस्तकं घेऊन परतला होता, आणि थोरल्याला कळमनुरीला स्वतःचा सरकी काढायचा कारखाना टाकायची स्वप्नं पडत होती. पण खरं सांगायचं तर छावणी आणि कळमनुरी या नंतरच्या गोष्टी झाल्या. दोघांनीही आपापलं राजकारण नर्मदाबाईच्या एकाच टोपल्यातून उचललं होतं.

ते कसं, तर पूर्वी तंगीच्या दिवसांत टोपल्यात मोजून पाच-सहा भाकरी असायच्या. कोवळ्या वयात दिवसभर मोट हाकून आलेल्या नवऱ्याच्या ताटात ती दोन भाकरी जास्तीच्या टाकायची आणि म्हणायची, "तुमी राबता, तुमी खा." माणिकराव ते मनात धरून बसले : जो घाम गाळील तोच खाईल, बाकी सगळं थोतांड! छोटा रामकिशन पुन्हा पुन्हा भाकरी मागायचा, आणि ती दर खेपेला हसून म्हणायची, "घ्या की भावजी, टोपल्यात लई हाय." त्यानं ते मनात धरलं : जगात सगळ्यांना पुरेल इतकं आहे, फक्त नीट वाटायला पाहिजे! आणि तिला कुणी विचारलंच, तर तिचं उत्तर ठरलेलं असे : "माझं झालं." त्या टोपल्याच्या तळाशी काय उरतं, हे मात्र भांडवलशाहीनं कधी वाकून पाहिलं नाही, आणि समाजवादानंही नाही.

बरं, आता घरात ज्वारीचं पेव भरलेलं होतं, पण टोपल्याची दशा तीच! थोरल्याकडं कापसाचे व्यापारी उठत-बसत, धाकट्याकडं झोळीवाले कार्यकर्ते येत. मतं दोन टोकांची असली तरी भाकरीवर सगळ्यांचं एकमत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच म्हणून तांड्याचे रामसिंग नाईक आले. पिकलेल्या मिशा, डोक्याला लाल पागोटं. साऱ्या पंचक्रोशीत त्यांचा शब्द चाले. त्यांच्या तांड्यातली रूपाबाई माणिकरावांकडंच कापूस वेचायला होती. तीही अंगणात कापसाचं गाठोडं सोडत होती. नाईकांनी बसल्या जागी मूठभर सरकी मागून घेतली.

"जमीन मागून. आदी पेव," ते म्हणाले. "वरसाचं खाणं पहिलं बाजूला काडायचं, मंग बाकीचं वाटायचं, हा आपला कायदा. एका भाकरीला एक सरकी. कोन दिसाला किती खातो, बराबर बोला."

"सहा," माणिकराव म्हणाले.

"आठ," रामकिशन जरा हळू म्हणाला.

"समाजवादाला भूक जास्त दिसती," माणिकराव पुटपुटले. नाईकांनी मिशीतल्या मिशीत हसून एकीकडं सहा आणि दुसरीकडं आठ सरक्या मांडल्या, आणि मग मान वर केली.

"आन् बाई? बाई कुनाच्या वाट्याला?"

"माझ्या!" दोघंही एकदम ओरडले.

"बायको माझी हाय!"

"आन् माय माझी हाय, दादा!"

दाराआडून ते ऐकताच नर्मदाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला... एकवीस वर्षांत भावजींनी तिला कधी माय म्हटलं नव्हतं! डोळ्यांतून घळघळा धारा लागल्या, आणि त्या आनंदाच्या की वियोगाच्या हे तिचं तिलाही उमगेना.

नाईक मात्र हिशेबाचे पक्के. "ते मागून ठरवू. ती किती खाती ते बोला."

रामकिशन बोटं मोजू लागला.

"दोन," रामकिशन म्हणाला.

"तुला काय ठाऊक? तीन," माणिकराव म्हणाले, मग डोकं खाजवत, "का दोनच? ...अगं ए, किती खातीस तू?"

"कदी खाताना पाह्यलं का तिला?" नाईकांनी विचारलं.

माणिकरावांनी भावाकडं पाहिलं, भावानं माणिकरावांकडं. निजामाच्या काळापासून आजवर या दोघांचं एवढं एकमत प्रथमच झालं होतं.

"माझं झालं, नाईक!" नर्मदाबाई दाराआडून घाईघाईनं म्हणाली. "माझं नगा मोजू!"

"मी सांगते," कापसाच्या ढिगातून रूपाबाई उठली. "अर्दी खाती. अर्दी भाकर."

"अगं रूपा, गप!"

"काहून गप? दुपारी सगळ्यांची भाकर घेऊन शेतात येती. सगळ्यांना वाढती, आन् सोताला मनती, माझं झालं. एक दिस बांधावर चक्कर येऊन बसली. मी माझ्या फडक्यातली अर्दी दिली, तर गपागपा खाल्ली वो नाईक! तवापासून रोज अर्दी देते. ही मनती, घरी पाव्हने लई येऊन राहिले, टोपलं रिकामं होतं, आन् दुसऱ्या खेपेला चूल पेटवली तर लाकडं जळतेत!"

माणिकरावांना आपलेच कालचे शब्द आठवले. माझ्या घरात कुणी दुसऱ्याच्या घामाचं खाल्लं नाही... आणि त्यांची लक्ष्मी तांड्यावरच्या मजुरणीच्या अर्ध्या भाकरीवर जगत होती! मजुराच्या तोंडचा घास कोण काढतं, ते रामकिशन गावोगाव ओरडून सांगत होता, आणि घास काढणाऱ्यांत त्याच्या रोजच्या आठ भाकऱ्या पहिल्या होत्या!

"वैनी...!" एवढाच हंबरडा त्याच्या तोंडून फुटला आणि त्यानं दाराशी जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "आजवर सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी पोटभर खाताना पाह्यलं का भावजी, लई बरं वाटायचं..." ती रडत रडत म्हणाली. "आता वेगळे झाल्यावर ते बी दिसायचं न्हाई..."

माणिकरावांनी डोळे पुसले. मग ते उठले, चुलीपुढं जाऊन बसले आणि पिठात हात घातला. "रामकिशन्या, लाकूड सार," ते म्हणाले. नाईकांनी मांडलेल्या सगळ्या सरक्या एका मुठीत गोळा केल्या आणि गुपचूप कापसाच्या ढिगावर टाकून दिल्या.

थोरल्याची भाकरी मध्यभागी जाड नि कडेला फाटकी झाली. धाकट्यानं ती उलटताना तिचे दोन तुकडे केले, आणि तरीही ती कुणामुळं बिघडली यावर दोघांची जुंपलीच. पण पाटावर आज नर्मदाबाई बसली होती, आणि शेजारच्या पाटावर, नको नको म्हणत असतानाही, रूपाबाई.

सगळ्यांच्या देखत पहिला घास घेताना नर्मदाबाईला इतकी लाज वाटली की तो कितीतरी वेळ गालातच राहिला. अर्ध्या भाकरीनंतर ती थांबली.

"झालं तुझं?" माणिकरावांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, विचारलं.

एकवीस वर्षांच्या सवयीनं ते दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिनं ते गिळले, डोळे पुसले आणि ताट पुढं केलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आनखी एक वाढा."