दादाचं पॅकेट, अमोलच्या नावाने

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. पण हे रचलेलं आहे असं कोणी म्हटलं तर मला राग येईल, आधीच सांगते. यातला माणूस माझा सख्खा भाऊ आहे.

होता.

रात्र नव्हती. मे महिन्यातली भर दुपार होती. अमरावतीजवळचं वलगाव, आमचं घर. मेच्या दुपारी आमच्याकडे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

मी आकांक्षा. अमरावतीला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. माझा मोठा भाऊ कुलदीपदादा हौशी रेडिओवाला होता, ज्याला हॅम म्हणतात. परीक्षा देऊन लायसन्स मिळतं आणि एक कॉलसाइन मिळतो. ते तुमचं रेडिओवरचं नाव. जगात दुसऱ्या कोणाचं तसं नसतं. दादाच्या नादाने मीही परीक्षा दिली. अकोल्याचा अमोल, दादाचा जिगरी दोस्त, तोही हॅमच.

दोघांना एकच वेड होतं. सॅटेलाइटवरून पॅकेट पाठवायचं. म्हणजे कॉम्प्युटरवर दोन ओळी लिहायच्या, रेडिओने वर फेकायच्या, सॅटेलाइट त्या पुन्हा खाली फेकतो आणि दूरचा कोणीतरी वाचतो.

अडचण एकच. साधा सेट माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. जलद डेटा स्पीकरपर्यंत येता येताच गाळला जातो. म्हणून सेट उघडायचा आणि डेटा गाळला जाण्याआधीच्या जागी, आतल्या आयसीच्या, म्हणजे चिपच्या, एका पायाला बारीक वायर सोल्डर करून बाहेर काढायची. काम एवढंसं आहे, पण हात हलला की सेट गेला. अमोलचा हात या कामात इतका साफ होता की दादा त्याचं सोल्डरिंग मला भिंगातून दाखवायचा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दादा गच्चीवर अँटेनाचा लोखंडी पाइप उभा करत होता. पाइप झुकला आणि घरामागच्या हाय टेन्शनच्या तारेवर पडला.

घरात कोणी नव्हतं. आई लग्नाला गेली होती, मी क्लासमध्ये. खाली टेबलावरचा दादाचा सेटही जळून कोळसा झाला.

अमोल संध्याकाळी अकोल्याहून आला. आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला.

"मी असतो तं दोर धरला असता, काकू. एकट्यानं कायले चढला हा?"

आम्हा हॅम लोकांत माणूस गेला की 'सायलेंट की' झाला म्हणतात. त्याचा कॉलसाइन मग कोणी वापरत नाही. शेवटचा एकदा रेडिओवर पुकारतात, उत्तराची वाट पाहतात आणि सगळे गप्प होतात. दादाचा कॉलसाइन अमोलनेच पुकारला होता.

राखीला आई म्हणाली, "अमोलले बांध व. तोच भाऊ आता तुया."

मी बांधली. मनापासून बांधली.

यंदा मेमध्ये, वर्षभरानंतर मी पहिल्यांदा माझा सेट लावला. का, ते विचारू नका. दादाची आठवण आली होती, एवढंच. सॅटेलाइट डोक्यावरून जातो त्या दहा-बारा मिनिटांना पास म्हणतात. दुपारचा पास होता. आई आतल्या खोलीत झोपली होती. कूलर बंद, कारण लाइट गेलेले. मी बॅटरीवर होते.

स्क्रीनवर पॅकेटं येऊ लागली. माझा सेट साधाच, त्यामुळे आतला मजकूर म्हणजे नुसता कचरा. पण कोणाकडून, कोणाला, एवढं कसंबसं वाचता येत होतं. एक सुरतचा, एक श्रीलंकेचा...

आणि मग...

दादाचा कॉलसाइन.

कोणाकडून: दादा. कोणाला: अमोल.

मी एकेक अक्षर बोट ठेवून पुन्हा वाचलं. तोच.

कोणीतरी चावटपणा करतंय, असं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दरवेळी अमोलला, एकदाही मला नाही.

खरं सांगू? भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं. सख्खी बहीण इथे रेडिओपुढे जीव मुठीत धरून बसली आहे, आणि हा गेल्यावरही दोस्तालाच हाका मारतो. एक शब्द तरी माझ्यासाठी असावा की नाही? निदान काय म्हणतोय ते तरी मला कळायला हवं होतं.

अमोलला फोन केला. सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "कोनीतरी बदमाशी करून राहिलं ताई. सेट बंद ठेव."

"मले वाचाचं आहे, अमोल. तू माया सेटातून वायर बाहेर काढून दे. तुले येते ना."

"कायले उघडतं? खराब होईन सेट."

पण दोन दिवसांनी तोच आपणहून आला. सेट घेऊन अकोल्याला गेला आणि पुढच्या रविवारी परत आणून दिला. आईने त्याला भाकरी, ठेचा वाढला. तो मान खाली घालून जेवला.

"झालं ताई. आता वाच," एवढंच म्हणाला.

त्या दुपारी पॅकेट आलं. मजकूर? तोच कचरा.

फोनवर अमोल म्हणाला, "मंग सिग्नलच खराब असन तो. सोड ना आता."

मला सोडता येत नाही. स्वभावच तसा आहे, आई त्यावरून रोज बोलते. मी स्क्रू काढले आणि सेट उघडला.

वायर होती. छान सरळ बसवलेली, टोक बरोबर आयसीच्या पायाशी. मी चिमट्याने जरा ओढलं...

टोक सुटून हातात आलं.

सोल्डर नव्हतंच. गोंदाने चिकटवलं होतं.

अमोलचा हात चुकणारा नाही. त्याने मुद्दाम केलं होतं. म्हणजे त्या पॅकेटात काय आहे ते त्याला माहीत होतं. अकोल्यात त्याच्याकडे अशी वायर जोडलेला सेट होता. तो आधीपासून वाचत होता.

मी स्वतः सोल्डर गन तापवली. दोनदा थांबले, पण जोडली.

पास सुरू झाला. सुरतवाला आला. मग थोडा वेळ काहीच नाही. बाहेर पान हलत नव्हतं...

दादाचा कॉलसाइन आला. खाली मजकूर आता स्वच्छ. इंग्रजी अक्षरांत मराठी, दादा टाइप करायचा तसंच.

अमोल दोर सोडू नको.

परत.

अमोल सोडू नको.

मग जरा थांबून...

अमोल गाडी कायले काढतं. मी हाओ अजून.

मी किती वेळ ते बघत बसले, माहीत नाही. मग फोन लावला.

"तू इथं होता त्या दिवशी?"



"पाइप डोलला ताई. मी भेलो. दोर सुटला हातातून."

"अन् मंग?"

"तो हालून राहिला होता..."

"मंग तू काय केलं, अमोल?"

फोन कट झाला. त्यानंतर बंदच लागत होता.

ज्याच्या हातावर मी राखी बांधली, आईने ज्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं, तो माझ्या भावाला जिवंत टाकून पळाला होता. वर संध्याकाळी येऊन रडला. आणि माझा सेट गोंदाने चिकटवून आमच्याच घरची भाकरी खाऊन गेला. असा संताप मला कधी आला नव्हता.

सॅटेलाइट केव्हाच मावळला होता. आता काही येणार नव्हतं. तरी मी लिहिलं, माझ्या कॉलसाइनवरून.

दादा, मी आहे. सगळं वाचलं. मला सांग काय सांगायचं ते.

पाठवलं. अँटेनाची केबल काढून ठेवली आणि रडत बसले.

केबल काढलेली होती...

आणि स्क्रीनवर ओळ आली.

कोणाकडून: दादा. कोणाला: मी. पहिल्यांदाच.

अकू, तू हट. अमोलले दे.

अकू मला फक्त दादा म्हणायचा. रेडिओवर तर कधीच नाही.

वर्षभराने त्याने मला हाक मारली, ती बाजूला हो, अमोलला माझ्या ताब्यात दे म्हणायला. अमोलने फसवलं ते निदान कळतं तरी. दादाचं काय करू, कोणावर रागवू?

सेट आता कपाटात आहे. बॅटरी काढली आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती काल म्हणाली, "अमोल काहून येत नाही व? त्याले जेवाले बोलावजो."

आज दुपारी अमोलचा फोन लागला. एक रिंग गेली आणि मीच कापला.

कारण मला त्याला खरंच बोलवावंसं वाटतंय. सेट टेबलावर मांडावा, त्याला समोर बसवावं, आणि आपण बाहेर जाऊन दाराची कडी लावावी. दादाने तेवढंच मागितलं आहे.

आई स्वयंपाकघरातून पुन्हा विचारते आहे, केला काय फोन. मी फोन हातात घेऊन कपाटापुढे उभी आहे.