उदबत्तीचं यंत्र

शिवाप्पा आला तेव्हा त्याच्या हातात उदबत्तीच्या दोन काड्या होत्या. एक त्याची, मधेच मसाला नसलेली. दुसरी हेब्बाळच्या एका कंपनीच्या यंत्रावरची, टोकापासून टोकापर्यंत भरलेली.

"त्यांचं यंत्र मुळात माझंच आहे, अक्का," तो प्रमोदिनी गलगलींना म्हणाला. "पण पेटंटचा अर्ज त्यांनी माझ्या आधी घातला."

प्रमोदिनी बेळगावकडच्या, नवरा गेल्यावर दीर हरीला हाताशी धरून त्या खासगी तपासाची कामं करत. १९९४ साली बंगळुरात बाईमाणसाकडे असं काम घेऊन येणारे थोडेच होते.

प्रमोदिनी आणि हरी चामराजपेटला शिवाप्पाच्या कारखान्यात गेली. यंत्र चालवायची शिवाप्पाची बहीण गंगव्वा. ती डावखुरी, म्हणून फिटर मंजुनाथने मूठ डावीकडे बसवली होती. मसाला मधेच का तुटतो, असं प्रमोदिनींनी दोघांनाही विचारलं. गंगव्वा म्हणाली, मसाला कोरडा पडतो. मंजुनाथच्या मते काड्याच वाकड्या.

यंत्र शिवाप्पाने मंजुनाथला तोंडी सांगून घडवलेलं. नकाशा शिवाप्पाने नंतर, फक्त पेटंटच्या वकिलासाठी काढला आणि थेट त्याच्याच हातात दिला. त्यात मूठ उजवीकडे दाखवली, कारण यंत्राची गिऱ्हाइकं बहुतेक उजव्या हाताचीच.

वकील पुरुषोत्तम शिराळकर बनशंकरीत राहायचे. आधी सात वर्षं कारखान्यात इंजिनिअर. कारखाना बंद पडला, मग कायदा शिकले. त्यांनी चहा दिला आणि यंत्र आपण कधी पाहिलेलं नाही असं सांगितलं. प्रमोदिनींनी मधेच मसाला तुटलेली काडी पुढे केली.

"हवा अडकते," ते काडीकडे बघत म्हणाले. "मसाल्याचा दोष नाही."

हेब्बाळला कंपनीच्या विक्रेत्याने त्यांचं यंत्र चालवून दाखवलं. मूठ उजवीकडे, आणि मसाल्याच्या नळीच्या मागे एक बारीक भोक.

"मंजुनाथच," परतताना हरी म्हणाला. "बनवणारा तोच ना, वहिनी."

दुसऱ्या दिवशी प्रमोदिनी हरीला आणि शिवाप्पाला घेऊन शिराळकरांकडे गेल्या.

"यंत्र पाहून नक्कल केली असती तर मूठ डावीकडे आली असती," त्या म्हणाल्या. "नक्कल नकाशावरून झाली, आणि नकाशा फक्त तुमच्याकडे होता. शिवाय नकाशात नसलेलं भोक त्यात आलं. ते पाडायला हवा अडकते हे कळायला हवं. मी तिघांना विचारलं. कळलं होतं ते एकट्या तुम्हाला."

शिराळकरांनी नाकारलं नाही.

"भोकाचं मी यांना पहिल्याच भेटीत सांगणार होतो," ते म्हणाले. "हे म्हणाले, वकीलसाहेब, तुम्ही अर्ज लिहा, यंत्राचं आम्ही बघतो. अकरा वर्षं मी लोकांची यंत्रं कागदावर धड करून देतोय. हेब्बाळवाल्यांनी मला इंजिनिअर म्हणून नोकरीवर बोलावलं."

"बोलावलं?" प्रमोदिनींनी विचारलं.

"त्यांचा पेटंटचा अर्ज घालून झाला. आता फोन उचलत नाहीत."

शिवाप्पा पुढे सरकला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "साहेब, ते भोक केवढं घ्यायचं?"

शिराळकरांनी कागद ओढला. भोक कुठे, केवढं, मसाला पातळ असला तर किती लहान, सगळं आकृती काढून समजावलं. शिवाप्पा अडेल तिथे ते पुन्हा पहिल्यापासून सांगत. बोलताना त्यांचा चहा गार झाला. कालपासून ओढलेला त्यांचा चेहरा सैल झालेला हरीला दिसला.

शिवाप्पाने कागदाची घडी करून खिशात घातली.

"सरी, ठीक आहे," तो प्रमोदिनींना म्हणाला. "यांच्यावरची तक्रार उद्याच करूया."