दहावा शब्द

बसा, सांगतो. तेव्हा मी बोईसरच्या एका औषध कंपनीत तपासनीस होतो. संशय घेण्याचाच पगार मिळायचा. तरी त्या शुक्रवारी फसलो.

वडिलांना जाऊन वर्ष होत होतं. आम्हा बेने इस्राएलांत मुलाने बापासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची. त्याशिवाय जीव सुटत नाही, अशी आईची श्रद्धा. पण कद्दिशला दहा यहुदी पुरुष लागतात, आणि ठाण्याच्या प्रार्थनालयात जायला मला सुट्टी मिळेना. शेजारच्या आनंदीकाकू म्हणाल्या, पालघरला बाजारामागे शनवार तेल्यांची मशीद आहे, शुक्रवारी तिथे दिवा दिसतो. आमच्या लोकांना आणि प्रार्थनालयाला इकडची जुनी माणसं असंच म्हणतात.

दिवेलागणीला पोचलो. दार ठोठावायच्या आधीच उघडलं. आत खोबरेलाच्या दिव्यांचा वास होता, आणि ओल्या मातीचाही. शालोम केळवकर नावाच्या म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि आमच्या रीतीप्रमाणे स्वतःची बोटं ओठांना लावली. ते हात फार गार होते.

"या. एक माणूस कमीच होता," ते म्हणाले.

कुणाचे, कुठले, काही विचारलं नाही. लगेच किसमिसाचं सरबत आलं, गादीवर जागा झाली. एवढं गोड कुणी उगाच वागत नाही. आता वर्गणी मागतील, नाहीतर कसल्या तरी कागदावर सही, म्हणून मी खिशावर हात ठेवून बसलो.

मग शाली दिसल्या. सगळ्यांनी त्या डोक्यावरून घेतलेल्या. प्रार्थनेची शाल सकाळी घेतात. दिवस मावळताना ती अंगावर असलेला माणूस मी एकच पाहिला होता, माझे वडील, पुरताना. माणसाला पुरताना शालीच्या चार गोंड्यांतला एक कापतात. माझ्या शेजारच्याच्या शालीला तीनच गोंडे होते.

माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, हा आमचा नेम. दहा शब्दांचं एक वचन आहे, माणसागणिक एक शब्द म्हणायचा. केळवकरांनी पुटपुटत बोट फिरवलं. दहावा शब्द माझ्या शेजाऱ्यावर संपला. म्हणजे माझ्याशिवायच दहा भरत होते. मग कमी कोण होतं?

उठून जावंसं वाटलं. पण आईला शब्द दिला होता... मी कद्दिश सुरू केलं. प्रत्येक थांब्याला शेजारचा "आमेन" म्हणायचा, आणि त्याआधी दोनदा घसा खाकरायचा. वडील तसेच खाकरायचे. मला रडू फुटलं, पण मान वळवायचा धीर होईना.

शेवटच्या आमेनला तो आवाज आला नाही. शेजारची गादी रिकामी होती. दार मात्र बंदच होतं.

केळवकरांनी पुन्हा बोट फिरवलं. आता दहावा शब्द माझ्यावर संपला.

"सुटला तुमचा बाप," ते हळूच म्हणाले. "त्याने पन त्याच्या बापाला इथंच सोडवलं... आता ही जागा तुमची. मेल्यावर यायचं. घाई नाय."

मी तिथून कसा पळालो, आठवत नाही. आईला फोन करून एवढंच सांगितलं, झालं. पुढे बदली मागून पुण्याला आलो. त्याला नऊ वर्षं झाली. माझ्या मुलाला, एरनला, मी कद्दिश शिकवलंच नाही. माझं काय व्हायचं ते होवो, त्या गादीवर तो बसायला नको.

गेल्या महिन्यात त्याला तारापूरला नोकरी लागली. परवा घरी आला होता. दाढी करताना गुणगुणत होता. कद्दिश, शब्दन् शब्द बरोबर.

कुणी शिकवलं, मी विचारलं.

"पालघरची माणसं आहेत. फार प्रेमळ, पप्पा," तो आरशात बघतच म्हणाला. "तुमची तब्येत विचारत होती."