रिकाम्या ट्रेमधली टिक

अख्खी लॅब मला टोपीवाला म्हणते. सगळ्यांना टोप्या घालून झाल्यात ना माझ्या.

म्हणून हे तुम्ही खरं मानणार नाही. नका मानू. मी तिथे होतो.

गेला मंगळवार. रात्र-बित्र नाही, भर दुपार.

आमच्या तळघरात उंदरांच्या फुप्फुसांचं स्कॅनिंग चालतं. उंदराला गुंगी देऊन ट्रेमध्ये झोपवायचं. छातीखाली हवेची छोटी गादी. श्वास घेतला की गादी दबते, मशीन टिक करतं. दोन टिकांच्या मधे फोटो. फाडाफाडी नाही. आतली सूज पांढऱ्या डागासारखी दिसते, आणि तोच उंदीर पुन्हा तपासता येतो.

संशोधन करणाऱ्या मॅडमचं नवं औषध तुटकीवर चालू होतं. तुटकी म्हणजे तुटक्या कानाची उंदरीण. तिचा डाग कमी होत होता.

मॅडमनी लॅबच्या साहेबांना विनवलं, "अजून एक आठवडा द्या, साहेब."

"औषध कुचकामी आहे. बंद करा."

सोमवारी साहेबांच्या हुकमाने तुटकीला संपवलं. मीच पिशवीत भरली.

मंगळवारी ट्रे पुसून आत सरकवला. रिकामा.

टिक...

मॅडम दारातूनच म्हणाल्या, "काका, आज मस्करी नको हं."

मागे मी गादी बोटाने दाबून त्यांना घाबरवलं होतं.

मी दोन्ही हात वर केले.

टिक... टिक...

मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

पडद्यावर फोटो उमटला. इवलीशी छाती. उजवीकडे खाली तोच डाग...

आधीपेक्षा लहान.

साहेब आले. "काय तमाशा लावलाय, टोपीवाल्या?"

त्यांनी स्वतः ट्रे ओढला. रिकामाच. गादीवर तळहात ठेवायला गेले...

टिकटिकटिकटिक.

गुंगी उतरून उंदीर घाबरला की अशीच वाजते.

साहेबांनी हात खिशात घातला. "फोटो पूस."

"नाही पुसणार."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. हिंमत असेल तर तुम्हीच पुसा."

मॅडम माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "आणि माझं औषध बंद होणार नाही."

साहेब जिना चढून गेले. औषध आता बाकीच्या उंदरांवर चालू आहे.

मी मात्र रोज दुपारी रिकामा ट्रे आत सरकवत राहिलो. डाग तिळाएवढा झाला.

काल पूर्ण गेला.

मला वाटलं, सुटली बिचारी. मशीन बंद केलं.

टिक...

मशीनमधून नाही. जिन्यावरून.

वर साहेबांची केबिन आहे.

त्यांना सांगितलेलं नाही. सांगून उपयोग काय? म्हणतील, टोपी घालतोय.

मी आता लिफ्टनेच जातो.