खालच्या मजल्यावरची तक्रार

हे खरं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्या. कुणाला पटवून द्यायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही... त्या एका हिवाळ्यात ती सगळी संपली.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

दिवसाढवळ्याची आहे. भर दुपारची.

मी अक्षरा. उदगीरची. तिथल्या मोंढ्यात अप्पांचं आडत दुकान आहे. नांदेडला विष्णुपुरीत राहून इंजिनिअरिंग केलं आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला आले. केम्निट्झ म्हणून शहर आहे, पूर्वेकडं.

जर्मनीत शिकणाऱ्या कुणालाही विचारा. अभ्यास जमतो. थंडीही अंगवळणी पडते. खोली मिळत नाही.

मी शेकड्यानं ईमेल पाठवले असतील. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. सुरुवातीला ऋतुजाच्या खोलीत जमिनीवर झोपले. ऋतुजा नांदेडची, कॉलेजपासूनची मैत्रीण. तिच्या घरमालकाला कळलं आणि तिलाच बाहेर काढायची वेळ आली. शेवटी ऑक्टोबरमध्ये एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. एकच खोली, कोपऱ्यात छोटासा ओटा, त्यावर विजेची शेगडी. राहणारी मी एकटी.

त्या दिवशी अव्वाला फोन करून मी रडले होते. आम्ही आईला अव्वा म्हणतो.

पंधरा दिवस बरे गेले.

मग एका संध्याकाळी दार वाजलं.

दारात एक म्हातारी. पांढरे केस, कडक इस्त्रीचा शर्ट. माझ्या खालच्या मजल्यावर राहणारी. हेन्शेलबाई.

"तुम्ही दुपारी काय आपटत असता?"

माझं जर्मन तेव्हा तोडकंमोडकं होतं. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

"दुपारी? मी दुपारी घरी नसते. माझे क्लास असतात."

"दुपारी एक ते तीन शांतता पाळायची. इथला नियम आहे. मी त्या वेळी झोपते."

एवढं बोलून ती निघून गेली.

दोन दिवसांनी पुन्हा आली. मग रोजच. मी युनिव्हर्सिटीतून दमून यायची, जिन्यात बूट वाजले की तिचं दार उघडायचं.

"आज पण. अर्धा तास."

"बाई, मी घरी नव्हते!"

"मग कोण होतं?"

मी फोनवर अव्वाकडं तक्रार करायची. "खालची म्हातारी लई डोकं खाऊन राहिली अव्वा. कान वाजत असतील तिचे."

"वयानं होतं तसं. चार गोड शब्द बोल. जेवलीस का?"

"ब्रेड खाल्ला."

"ब्रेडनं काय होतंय? पीठ दिलंय की सोबत, भाकर कर."

भाकरी मला थापता येत नाही हे अव्वाला चांगलं माहीत होतं. तरी निघताना तिनं ज्वारीचं पीठ जाड कापडी पिशवीत भरून, तोंड सुईदोऱ्यानं शिवून दिलं होतं. पिशवी आली तशी कपाटात पडून होती.

नोव्हेंबरच्या शेवटी इमारतीच्या ऑफिसातून पहिली ताकीद आली. आवाजाबद्दल.

डिसेंबरमध्ये दुसरी. या वेळी आवाजाबद्दल नव्हती.

मी खोलीत दुसरं माणूस ठेवलंय, असा आरोप होता.

तिसरी ताकीद म्हणजे खोली खाली करायची. खोली गेली की पत्ता गेला. जानेवारीत माझा व्हिसा वाढवायचा होता आणि पत्त्याशिवाय तो वाढत नाही. म्हणजे एका म्हातारीच्या दुपारच्या झोपेपायी मी उदगीरला परत जाणार होते. पदवी हातात न घेता.

मी तरातरा खाली गेले आणि तिचं दार वाजवलं.

"कोण दुसरं माणूस? कुणाला बघितलंत तुम्ही?"

ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या आईला."

"माझी आई भारतात आहे."

"मी कचरा टाकायला खाली गेले होते. वर बघितलं. तुमच्या खिडकीत उभी होती. डोक्यावर कापड घेतलेलं. रस्त्याकडं बघत होती... कुणाची तरी वाट बघितल्यासारखी."

मला भीती वाटली नाही. खरंच नाही. संताप आला. मी तिथंच, तिच्या दारात उभी राहून अव्वाला व्हिडिओ कॉल लावला. उदगीरला रात्र झाली होती. अव्वा पदरानं हात पुसत समोर आली.

"काय गं? भांडी घासून राहिले होते."

मी फोन हेन्शेलबाईसमोर धरला. "बघा. ही माझी आई. तिच्या घरी आहे."

अव्वानं लगेच हात जोडले. "ह्याच का त्या? नमस्कार म्हणाव. लेकरू एकटं हाय, संभाळून घ्या म्हणाव."

"अव्वा, गप बस जरा."

हेन्शेलबाईनं चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिली...

"ही नाही."

"काय?"

"ही नाही. ती हिच्यापेक्षा तरुण आहे."

अव्वा विचारत होती, "काय म्हणून राहिली गं ती?"

"काही नाही. तू छान दिसतेस म्हणाली."

दुसऱ्या दिवशी मी क्लास बुडवला. दिवसभर खोलीत बसून राहिले. एक वाजला, दोन वाजले. काही नाही. कपाट नाही, नळ नाही, पाऊल नाही. इतकं शांत की स्वतःच्या श्वासाचाच त्रास व्हायला लागला.

संध्याकाळी हेन्शेलबाई येऊन म्हणाली, "आज शांतता ठेवलीत. आभारी आहे."

तिचे आभार ऐकून माझं डोकं फिरायचं बाकी होतं.

मग ऑफिसातला माणूस खोली तपासायला आला. पलंग एकच, टूथब्रश एकच, चपला एकाच मापाच्या. त्याला काही सापडलं नाही. निघताना त्यानं ओट्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं.

"स्वच्छता ठेवा."

बोटावर पांढरं काहीतरी होतं.

तो गेल्यावर मी ओटा चाचपला. चिमटीत घेतलं. जिभेवर ठेवलं...

ज्वारीचं पीठ.

मी कपाट उघडलं. पिशवी बाहेर ओढली. ती अर्धी रिकामी होती, एका बाजूला कलंडलेली. भोक कुठंच नव्हतं.

तोंडावरची अव्वाची शिवण... तशीच होती. टाकान् टाका.

मी ऋतुजाला फोन केला. ती हसली. "चेष्टा करून राहिलीस का? उंदीर असंल." मी तिच्यावर ओरडले. चौथ्या मजल्यावर, बंद कपाटात, शिवण न उसवता पीठ खाणारा उंदीर! मग मीच फोन ठेवला. दुसरं काय असेल, तेही सांगता येत नव्हतं.

त्या आठवड्यात एक क्लास अचानक रद्द झाला. दुपारीच परत आले. इमारतीखाली येऊन वर बघितलं. खिडकीत कुणी नव्हतं.

जिना चढताना हेन्शेलबाईचं दार उघडं दिसलं. ती उंबऱ्यात उभी होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. आजवर ती मला खोटारडी समजत होती. आणि आता मी तिच्यासमोर उभी होते, पाठीवर बॅग घेऊन.

तिनं तोंडावर बोट ठेवलं. मला आत ओढलं. वर छताकडं बोट केलं.

मी ऐकलं.

थप... थप... थप...

मध्ये थोडी उसंत. पुन्हा थप... थप... थप... आता जरा भराभर, हलक्या हातानं. मग एकदम शांत.

मग तव्यावर काहीतरी पडल्याचा आवाज.

आमच्याकडं घराघरात लहानपणापासून हा आवाज ऐकतच पोरं उठतात. मी झोपेतही ओळखला असता. परातीत भाकरी थापायचा आवाज. हाताला पाणी लावलं की तो बदलतो, तेही मला कळलं.

माझ्या खोलीत परात नव्हती. तवाही नव्हता.

हेन्शेलबाईनं माझी बाही घट्ट धरली होती. ती सोडवून मी वर धावले. का धावले, मला माहीत नाही. बहुतेक रागानंच. माझी खोली होती ती! किती मुश्किलीनं मिळालेली!

किल्ली फिरवताना आवाज चालूच होता.

दार उघडलं...

कुणी नव्हतं. ओटा कोरडा. खिडकी बंद.

फक्त वास. खरपूस भाकरीचा, नुकत्याच तव्यावरून काढलेल्या.

मी शेगडीवर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला.

पासपोर्ट आणि लॅपटॉप घेतला. दार ओढलं. त्या खोलीत पुन्हा एकटी म्हणून गेले नाही. सामान आणायला ऋतुजा आणि तिचे दोन मित्र सोबत होते. पिठाची पिशवी मी तिथंच सोडली.

अव्वाला सगळं सांगितलं.

"आपल्या घराण्यात अशी कुणी बाई गेली का अव्वा? तरुणपणी?"

"न्हाई गं माय. आठवून बघितलं. तशी कुणीच न्हाई."

तिनं मठातल्या स्वामींना विचारलं. त्यांनी विभूती दिली. अप्पांनी ती कुरियरनं पाठवली. इथल्या कस्टमनं ही पूड कसली म्हणून अडवून ठेवली आणि मला खुलासा मागितला. विभूतीला जर्मनमध्ये काय म्हणतात, कुणाला ठाऊक असेल तर सांगा. मी नाद सोडला.

लातूरचा संगमेश्वर म्हणून एक सीनियर शिक्षण संपवून परत निघाला होता. त्याची खोली मला मिळाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ. व्हिसाही वाढला. जुन्या पत्त्यावर माझी पत्रं येत राहणार म्हणून नवीन पत्ता हेन्शेलबाईजवळ देऊन ठेवला. जाताना तिनं माझी माफी मागितली. मला वाटलं, सुटले एकदाची.

मार्चमध्ये बाजाराजवळच्या ट्राम थांब्यावर ती भेटली.

खूप वाळली होती. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. असं तिनं कधी केलं नव्हतं.

"तुम्ही गेलात आणि वरचा आवाज थांबला."

"बरं झालं."

"पण ती खाली आली."

ट्राम आली होती. मी चढले नाही.

"माझ्या दारावर," ती म्हणाली. "दुपारी. मी झोपणार होते. दार उघडलं तर समोर उभी. काहीतरी विचारत होती. मला तिची भाषा येत नाही. तेच तेच विचारत होती, म्हणून लक्षात राहिलं."

तिनं डोळे मिटले. शाळेतलं पोर पाठ केलेलं म्हणतं तसं, एकेक शब्द तोडून म्हणाली...

"पोर्गी... कुट... गेली."

मी तिला मराठीचा एक शब्दही कधी शिकवला नव्हता.

"पोर्गी कुट गेली. पोर्गी कुट गेली. याचा अर्थ काय?"

मी मान हलवली. माहीत नाही, अशी.

"मला वाटलंच, तुम्हाला शोधत असणार. फार काळजीत दिसत होती बिचारी." हेन्शेलबाईनं माझा हात थोपटला. "म्हणून मी तिला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तुमची नवीन जागा. तिला जर्मन कळत नव्हतं, मग बोटांवर ट्रामचा नंबर दाखवला. अगदी शेवटपर्यंत जा, अशी खूण केली. कळलं तिला. मान हलवून गेली."

तिला वाटत होतं, तिनं माझ्यावर उपकार केलेत.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. अव्वा रोज म्हणते, बस झालं शिक्षण, निघून ये. निघून कशी येणार? अभ्यासक्रम अर्धा राहिलाय. एवढं सोसून हात हलवत परत जाऊ?

नव्या खोलीत काही घडलेलं नाही. म्हणजे मला तरी काही ऐकू आलेलं नाही. पण मी घरात असताना जुन्या खोलीतही कधी काही ऐकू आलं नव्हतं.

खालच्या मजल्यावर एक तरुण माणूस राहतो. घरूनच काम करतो, दिवसभर घरी असतो. जिन्यात दिसला की मी 'हॅलो' म्हणते आणि त्यानं पुढं काही बोलायच्या आत दोन-दोन पायऱ्या ओलांडून वर पळते.

काल तो दार उघडून माझीच वाट बघत उभा होता.

"एक मिनिट," म्हणाला. "तुम्हाला एक विचारायचं होतं..."

मी थांबले नाही.